फिंतासचा सार्वजनिक कोट

कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या इमारतीत मराठी कुटुंबं अकरा होती आणि थंडीचा कोट एक.

कोट मूळचा गोखल्यांचा. जाड, काळा, लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा. नोकरी संपवून पुण्याला परत जाताना ते तो "सगळ्यांना होईल" म्हणून ठेवून गेले. ही नव्वदीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. पंचेचाळीस डिग्रीत राहणाऱ्या माणसाने असला कोट विकत घेतला असता तर लोक हसले असते. पण कुणाला कंपनी हॉलंडला ट्रेनिंगला पाठवायची, कुणाची मुलगी कॅनडात बाळंत व्हायची, आणि मग कोट जायचा. कोण कधी नेतं यावरून दोनदा भांडणं झाल्यावर मी एक रजिस्टर सुरू केलं. (मला यादी केल्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही.) नाव, कुठे, नेला, आणला, शेरा असे पाच रकाने आणि चार नियम. चौथा नियम लाल शाईत: कोटाला डाग, भोक किंवा वास लागल्यास जबाबदार व्यक्तीचं नाव शेऱ्यात लिहिलं जाईल आणि ते खोडलं जाणार नाही.

आतापर्यंत असं एकच नाव होतं. "हळदीचा डाग, उजवी बाही. सौ. परांजपे." तिसऱ्या मजल्यावरच्या परांजपेबाई दोन वर्षं माझ्या मागे होत्या.

"खोडा ना हो सुमनताई. येणारं-जाणारं वाचतं."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या वर्षी आमच्या ह्यांना कंपनीने पंपांच्या ट्रेनिंगसाठी म्युनिकला पाठवलं. (हे इंजिनिअर, पंप चालू करायला सांगितला की चालू करतात, बाकी सगळं माझ्याकडे.) ट्रेनिंगनंतर चार दिवस रजा काढून मीही जायचं ठरलं. तारखा मी निवडल्या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, कारण शाळा सुरू झालेल्या, म्हणजे गर्दी नाही! माझ्या वहीत "गर्दी" या शब्दापुढे "नाही" असं लिहून मी खूणही केली होती. इमारतीत सांगितल्यावर पुरुषमंडळी एकमेकांकडे बघून का हसतात ते मला कळेना. दारूचा थेंब न मिळणाऱ्या देशात राहून म्युनिकला, तेही सप्टेंबरात, कोणी म्युझियम बघायला जातं यावर एकाचाही विश्वास बसला नाही. परांजप्यांनी तर ह्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. आम्ही परतल्यावर चारच दिवसांनी त्यांना कोट घालून टोरांटोला मुलीकडे जायचं होतं. रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं होतं.

म्युनिकला उतरले तर स्टेशनवर अर्धं गाव चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून गात होतं. बिअरचा उत्सव! आमच्या छोट्या हॉटेलची म्हातारी मालकीण मला म्हणाली की एवढ्या आधी खोली राखून ठेवणारी, म्हणजे बिअरची इतकी खरी भक्त, तिने पाहिली नव्हती. मी तिला म्युझियमची यादी दाखवली. तिने माझा खांदा थोपटला.

शनिवारी दुपारी ह्यांनी हळूच विषय काढला. एवढे आलोच आहोत, तर नुसतं लांबून बघू. मी यादीत अकरावा मुद्दा घातला: "उत्सव. लांबून. १५ मिनिटं." तिथे पोचलो आणि पाऊस आला. कोट ह्यांच्या अंगावर. लोकर भिजली तर शेरा कुणाच्या नावाने? मी ह्यांना दंडाला धरून जवळच्या मंडपात नेलं. मंडप म्हणजे काय, आपल्या गावात लग्नाचे दहा मंडप एकात जोडावेत एवढा. बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं असं कळलं. मी लिंबाचं सरबत मागवलं, ह्यांनी "चवीपुरती" एक बिअर. दोन्ही बादलीएवढ्या काचेच्या मगांतून आली.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळेजण मग आपटत होते, सांडत होते. मी ह्यांच्या अंगातून कोट काढला, नीट चौपदरी घडी घातली आणि बाकावर माझ्या शेजारी, भिंतीच्या कडेला ठेवला. कुणाचाही मग तिथवर पोचणार नव्हता. तेवढ्यात बँडने काहीतरी सुरू केलं, आणि पाच हजार माणसं बाकांवर चढली. माझ्या पलीकडच्या आजीबाईंनी माझ्या कोपरात कोपर अडकवून मलाही वर ओढलं. डावीकडे झुका, उजवीकडे झुका. दोन झुक्यांनंतर मला ते जमायला लागलं. पाचव्याला तर मीच आजीबाईंना ओढत होते! साडी, त्यावर स्वेटर, पायात बूट, आणि पदर खोचायचा राहिलेला. सातव्या झुक्याला पदराने टेबलावरून झाडू मारला. ह्यांचा मग, तोंडही न लावलेला, भरलेला, आडवा झाला आणि एक लिटर बिअर चौपदरी घडीत गेली. एक थेंब खाली सांडला नाही. लोकर चांगली होती.

हे रिकाम्या मगाकडे बघत बसले.

"अहो, असे बघत काय बसलात? कोट उचला."

"एक घोटसुद्धा घेतला नव्हता गं."

उरलेला दीड दिवस म्युझियम राहिलं बाजूला. ड्रायक्लीनवाले रविवारी बंद, सोमवारी पहाटे विमान. मी नवी यादी केली. पहिला उपाय, टबात शाम्पू: कोटाने बिअरवर दहा लिटर पाणीही पिऊन घेतलं आणि तो रेडकाएवढा जड झाला. दुसरा उपाय, खिडकीत वाळवणे: पाऊस. तिसरा उपाय, उदबत्ती. प्रवासात मी मोगऱ्याची उदबत्ती नेतेच. पाच काड्या लावून कोटाखाली धरल्या, तर छताला लावलेली धुराची घंटा अशी ठणाणली की चारही मजल्यांवरचे लोक रस्त्यावर, आणि त्यांत मी, हातात ओला कोट. मालकीणबाईंनी वास घेतला आणि पुन्हा माझा खांदा थोपटला.

शेवटी मी कोट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवला. वास बाहेर येणार नाही अशी चोख व्यवस्था. पण विमानाच्या पोटात तो सगळा दाबून, मुरून, वाट बघत होता.

कुवेतच्या विमानतळावर तरुण अधिकाऱ्याने आमची बॅग बाजूला घेतली. पिशवीची गाठ सोडली आणि एक पाऊल मागे सरकला. त्या टेबलावर बाटली सापडली तर माणूस नोकरी सोडून पहिल्या विमानाने घरी जातो, हे आम्ही अकराही कुटुंबं जाणून होतो. ह्यांचे ओठ हलायला लागले. अथर्वशीर्ष असावं.

"मदाम, ये क्या है? शराब?"

"हमने नहीं पी," मी म्हणाले. "कोटने पी."

"कोट किसका है?"

"हमारा नहीं है."

हे वाक्य विमानतळावर कधीही म्हणू नये. ह्यांचं अथर्वशीर्ष थांबलं. मी घाईने पर्समधून रजिस्टर काढलं. (हो, मी ते बरोबर नेलं होतं. परतीची तारीख लिहायची असते!) अधिकारी मराठीतली अकरा नावं, तारखा आणि "नेला, आणला" बघत राहिला. आमच्या टोळीत नेमकी किती माणसं आहेत ते बहुधा मोजत होता. मग त्याने आतून एका पिकल्या दाढीच्या साहेबांना बोलावलं.

साहेबांनी बाही पिळली. टेबलावर दोन थेंब पडले. आम्ही चौघं त्या थेंबांकडे बघत होतो.

"कुठून?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"म्युनिक."

त्यांनी कॉलर उचलून वास घेतला. मग आणखी एकदा, जरा सावकाश.

"सप्टेंबर," ते स्वतःशीच म्हणाले. "मी जर्मनीत शिकलो. चार वर्षं." त्यांनी कोटाची माझ्यापेक्षा सुबक घडी घातली. "उन्हात वाळवा, मदाम. आतूनसुद्धा."

कुवेतच्या उन्हाने कोट अर्ध्या दिवसात खडखडीत वाळवला. वास मात्र उन्हात तापून पिकला. जवळच्या राई भागातल्या लाँड्रीवाल्याने हात जोडले. असला वास दुकानात ठेवणार नाही म्हणाला. आणि चौथ्या दिवशी परांजपे नवराबायको दारात उभे राहिले.

परांजपेबाईंनी कोट उलगडला आणि नाक मुरडलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं समाधान पसरलं.

"रजिस्टर आणा, सुमनताई."

आणलं. शेऱ्यात लिहिलं: "किरकोळ वास. सौ. सुमन." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, "किरकोळ" खोडलं आणि वर लिहिलं, "बिअरचा, लिटरभर."

"खोडायचं नाही असा नियम आहे," मी म्हणाले.

"नाव खोडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

परांजपे अजूनपर्यंत काही बोलले नव्हते, कारण त्यांचं नाक कॉलरमध्ये होतं. "एवढं काही नाही," ते आतूनच म्हणाले. "असाच नेतो."

टोरांटोहून तीन आठवड्यांनी कोट परत आला, घडी घातलेला आणि कुठेही न धुतलेला. तोवर इमारतभर बातमी गेली होती. त्या हिवाळ्यात रजिस्टरमध्ये आठ पुरुषांनी नावं नोंदवली. एकही परदेशी चालला नव्हता. "कुठे" या रकान्यात एकाने "राई" लिहिलं होतं, दोघांनी "जहरा", दोन्ही कुवेतमधलीच. मी शिस्तीची बाई. सगळ्यांना तारखा लावून दिल्या. फक्त पहिल्या नावापुढचा रकाना कोरा ठेवावा लागला. त्या अर्जदाराचं म्हणणं होतं की त्याला कुठेही जायचं नाही, कोट घालून घरीच बसायचं आहे. त्याचा एक घोट राहिला होता, आणि तो मी सांडला होता.