नऊ माणसांची हवा

सांगवीच्या आप्पासाहेबांनी युवराजला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकाला, मुलगी बघताना जेवढी चौकशी केली नव्हती, तेवढी गाडीच्या टायरांची केली. मुलीच्या वेळी एका बैठकीत सुपारी फोडून मोकळे झाले होते. टायरांच्या बाबतीत मात्र कारखान्याच्या गेटापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत कुणालाही सोडलं नाही. अटी दोनच होत्या. टायर टिकला पाहिजे आणि सगळीकडून सारखा झिजला पाहिजे. न्हावी म्हणाला, "आप्पा, ह्ये तर मानसालाबी जमत न्हाय," आणि त्यानं आरशातून आप्पांच्या टाळूकडं बघितलं.

आप्पांच्या त्या काळ्या, दणकट, नऊ माणसांच्या गाडीचे टायर अगदी मालकावर गेले होते. दोन्ही कडांना नक्षी जशीच्या तशी आणि मधोमध गुळगुळीत टक्कल. हा शोध आप्पांनी स्वतःच लावला आणि चहाच्या टपरीवर स्वतःच सांगून टाकला. "आता गाडीलाबी टोपी घालावी म्हनतो," असं म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घेतलं की कमी लागतं, ही त्यांची जुनी रीत.

टोप्यांना घरात तोटा नव्हताच. एक काळ असा होता की अख्ख्या आळीत मोठी गाडी म्हटलं की आप्पांचीच. कुणाचा साखरपुडा असो, बारामतीला बस्ता बांधायला जायचं असो, बाळंतीण माहेरी आणायची असो, दारात माणूस उभा. "आप्पा, गाडी काढा!" आप्पा भरल्या ताटावरून उठायचे. डिझेल स्वतःचं घालायचे. त्या बदल्यात लग्नात माईकवरून नाव पुकारलं जायचं आणि टॉवेल-टोपी मिळायची. तेवढ्यासाठी हा माणूस कुठल्याही रस्त्यानं गाडी घालायला तयार असायचा.

एकदा जेजुरीला निघताना नवांच्या जागी चौदा माणसं कोंबली, वर नारळांचं पोतं टाकलं. मोरगावच्या पुढं टायर असा बसला की खंडोबाला जाणारी मंडळी ऊन खात रस्त्याच्या कडेला बसली. त्या दिवसापासून आप्पा हवा भरायचे ती भरल्या गाडीची. सांगून येतंय का कोणी? ऐन वेळी माणसं दारात आली तर हवा कुठं शोधत बसायची?

पुढं घराघरांत गाड्या आल्या. साखरपुडे चालूच होते, बस्तेही चालू होते, पण "आप्पा, गाडी काढा" म्हणणारं कुणी उरलं नाही. शेजारच्यांनी लेकीचा बस्ता स्वतःच्या नव्या गाडीतून आणला आणि जाताना आप्पांना हौसेनं हॉर्न दिला. आप्पांनी हात वर केला खरा, पण ते त्यांच्या मनाला फार लागलं. तरी रोज गाडी धुवायची आणि चाकांत नऊ माणसांची हवा राखायची सवय काही सुटली नाही.

जळोचीला राहणारा युवराज फोनवर म्हणायचा, "आप्पा, ह्यो हत्ती इका आन ल्हान गाडी घ्या. तुमी दोघंच तर हाय."

"नवं टायर घालतोय की आता. मग कशाला इकायची?" आप्पा म्हणायचे.

एवढ्या चौकशीमागचं खरं कारण हे होतं. वर्षानुवर्षं टिकणारे टायर पडले की गाडी ठेवायला निमित्त मिळणार होतं. गाडी विकली असती, तर आता आपलं कुणाचं काही अडत नाही हे त्यांना कबूल करावं लागलं असतं. बाकी कशावरही ते स्वतःला हसायचे, पण एवढ्यावर त्यांना हसता येत नव्हतं.

बारामतीतली दुकानं पालथी घालून झाली, तेव्हा आप्पा इंदापूरला सिकंदरकडं निघाले. सिकंदरचं टायरांचं दुकान, आणि ट्रॅक्टरला टायर घ्यायचे तेव्हापासूनची दोस्ती. कारभारीण द्वारकाबाईही निघाल्या. पळसदेव त्यांचं माहेर, भावाकडं कुरडया पोचवायच्या होत्या. कुरडयांचा पत्र्याचा डबा मागच्या सीटवर ठेवून त्या पुढं बसल्या. खड्डा आला की गाडी टणकन उडायची, मागं डबा वाजायचा आणि द्वारकाबाई कमरेला हात लावायच्या. "ओझ्याची गाडी हाय, जरा कडकच असनार," आप्पा दर खड्ड्याला सांगत होते.

दुकानात सिकंदरनं गाडीभोवती एक फेरी मारली. द्वारकाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चाकापाशी उकिडवा बसला.

"हवा लई ठेवताय, आप्पा. समदा मधनंच झिजलाय."

"भरली गाडी म्हनल्यावर ठेवायलाच लागती."

"किती मानसं असत्यात?"

"नऊ," आप्पा म्हणाले.

सिकंदरनं दोन टायर घरंगळत आणून समोर उभे केले. "मंग ह्यो घ्या, ओझ्याचा. पन गाडी रोज भरलेली असंल तरच. रिकामी पळवली, तर ह्योबी असाच मधनं जाईल आन वर हाडं खिळखिळी करंल. दोन-चार मानसं असतील तर ह्यो दुसरा घ्या. जरा मऊ हाय, सारखा झिजतो, लई दिस चालतो. हवा तेवढी बेताची ठेवायची. आता खरं सांगा, किती?"

आप्पांनी दुसऱ्या टायरावरून हात फिरवला. टिकणारा आणि सारखा झिजणारा; सगळ्या तालुक्याला विचारत फिरले होते तो हाच. मिळायला फक्त खरा आकडा सांगायचा होता. त्यांनी टायरावरचा हात काढून घेतला.

"नऊच की," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी बशी खाली ठेवली. "नऊ? सिकंदरभाऊ, मागल्या शिटावर मी कुरडया वाळवती. काचा लावल्या का आत ऊन झ्याक तापतंय, आन पाखरंबी येत न्हाईत. औंदा त्या गाडीत कुरडयांबिगर कोन बसलं न्हाय."

सिकंदरनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. आप्पांचे कान तापले. मग तेही हसले, मोठ्यानं हसले, पण या वेळी वरातीमागून घोडं आलं होतं. आधी दुसरा हसला होता आणि ते व्हायचं तेवढं लागलंच.

"दोन," आप्पा म्हणाले. "मी आन ही. नऊ जनांची हवा भरून दोन म्हातारी आदळत फिरतोय गाववाटंनं. आमच्यासारखं शानं तुला इंदापुरात घावायचं न्हाय, सिकंदर. ह्यो मऊवालाच घाल."

बोलून झालं तेव्हा त्यांना वाईट वाटत होतं, आणि थोडं मोकळंही वाटत होतं. जुने टकले टायर भिंतीला लावून ठेवले गेले. नवे चढले. सिकंदरनं चारी चाकांत बेताची हवा भरली आणि मागं जाऊन विचारलं, "आप्पा, स्टेपनीत किती भरू?"

आप्पा गाडीच्या काचेवरची नसलेली धूळ पुसत होते. तसेच पुसत राहिले.

"तिच्यात," ते हळूच म्हणाले, "नऊ जनांची राहू दे."

सिकंदर आता हसला नाही. त्यानं स्टेपनीला नळी लावली आणि गच्च हवा भरली.

द्वारकाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवरचा कुरडयांचा डबा उचलला आणि पुढं येऊन तो मांडीवर घेऊन बसल्या.

"अगं, मागंच ऱ्हाऊ दे की त्यो," आप्पा म्हणाले. "पळसदेवपातूर पाय अवघडतील."

"अवघडू द्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "वाटंत कुनी हात केला, तर बसाया जागा नगो का?"