हात आपटणारा मोठा की नाही

रविवारी सकाळी आमच्या घरातला कल्ला ऐकून नव्या शेजाऱ्यांना वाटलं, भावाभावांत वाटणीवरून जुंपली. वाटणी कधीचीच झाली, तीही गुण्यागोविंदानं. भांडण असतं टीव्हीवरच्या जाळीतल्या मारामारीचं. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या परदेशातल्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. मोठा भाऊ शेतातली कामं टाकून आर्णीला माझ्याकडे येतो, पोह्यांची प्लेट मांडीवर घेतो, आणि वाद एकच: यातला सगळ्यात मोठा लढवय्या ठरवायचा कसा?

भावाचं म्हणणं सरळ. "कोणाकोणाशी लढला ते पाह्य ना बे. लेचेपेचे पाडून कोणी मोठा होते का?" मी मात्र एकाच मापावर अडलेलो. आम्ही दोघंही कुस्तीच्या दंगलींच्या मातीत वाढलो. तिथे पाठ टेकली की हरलात. आपण होऊन हार मानणं आम्हाला ठाऊकच नव्हतं. जाळीत मात्र हात किंवा मान अडकली की समोरच्याच्या अंगावर थापटायचं, लगेच पंच सोडवतो. ते पाहिलं की माझं डोकं फिरायचं. "आपटला हात? खतम! कितीही विजेतेपदाचे पट्टे जिंको, हा मोठा नाही!" भाऊ म्हणायचा, "अबे, हात मोडला तर उद्या लढणार कायनं?" मी त्याला पुढे बोलूच देत नसे. आवाज माझा मोठा, टीव्हीही माझा.

माझी मुलगी तिथेच बसलेली असायची. ती यवतमाळला कॉलेजात आहे, आणि तिथेच एका हॉलमध्ये हा खेळ शिकत होती. आमच्या वादात ती कधी पडली नाही. मला वाटायचं, मोबाइलमध्ये गुंग असेल.

या हिवाळ्यात नागपूरला तिची पहिली लढत झाली. दुसऱ्या फेरीत समोरच्या पोरीनं तिला खाली घेतलं, तिचा उजवा हात मांड्यांमध्ये दाबला आणि कोपर उलटं ताणलं. तिचे सर ओरडत होते, "टॅप कर! अगं, हात आपट!" तिची नजर सरांकडे गेलीच नाही. पुढच्या रांगेत मी बसलो होतो, तिची नजर माझ्याकडे वळली. आणि मी, तिचा बाप, मूठ वळून दाखवली. दम धर म्हणून.

तिनं दात आवळले, अंग पिळलं आणि सुटली. गुणांवर जिंकलीसुद्धा. पंचानं तिचा डावा हात वर केला. मी येड्यासारखा नाचलो. उजवा हात का नाही वर केला, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. त्या नाचाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

कोपराचे लिगामेंट फाटले होते. ऑपरेशन झालं. हात पुरता सरळ होईल की नाही सांगता येत नाही, आणि हा खेळ आता नको, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला विचारलं, "वेळेवर हात का नाही आपटला?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर मला माहीत होतं, पण मी औषधांची चिठ्ठी वाचत बसलो.

गेल्या रविवारी भाऊ आला. मी टीव्ही लावणार नव्हतो, तिनंच लावायला सांगितलं. तिचा हात गळ्यात होता, तिची आई तिला पोहे भरवत होती. पडद्यावर एकाचा हात तसाच अडकला. त्यानं पटकन समोरच्याच्या पाठीवर थापटलं, सुटला, उठला, हसत हात झटकत उभा राहिला.

"बाबा, हा मोठा नाही ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मोठा हाय बेटा. लय मोठा हाय."

ती पडद्याकडेच पाहत होती. म्हणाली, "कव्हापासून?"