कानापाशी उघडी राहिलेली रेघ

सानगडीतल्या आमच्या किराणा दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेवढ्या वेळात मी फोनवर वेबकॉमिक, म्हणजे चित्रकथा, वाचायचे. त्यात पान उलटायचं नसतं, अंगठ्याने नुसतं वर सरकवत राहायचं. एखादी पोरगी दार उघडते आणि त्या चौकटीखाली कितीतरी वेळ काहीच नाही, मोकळी पांढरी जागा. माझा जीव वरखाली होतोय आणि नेमकं तेव्हाच कोणाला तरी पावशेर गूळ हवा असायचा.

वाचता वाचता काढायची खुमखुमी आली. शिकवणारं कोणी नव्हतं. आवडलेली चौकट थांबवायची, रेघ इथेच का वळली ते बघायचं आणि बोटाने काचेवर गिरवायचं. सुरुवातीला माझी सगळी माणसं खिशात हात घालून उभी असायची, कारण मला हात काढता येत नव्हते.

माझ्या कॉमिकमधली पोरगी दुकान चालवते आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारते. म्हणजे मीच. मला डाव्या डोळ्यापासून कानापर्यंत कोड आहे. चित्रं काळी-पांढरी होती तोवर ते दाखवायचा प्रश्नच आला नाही.

मग माझं लग्न जमवायचं ठरलं. बाबांनी फोटो काढून आणला, त्यात स्टुडिओवाल्याने डाग पुसून टाकला होता. त्या गुळगुळीत बाईला बघायला लाखनीहून पाहुणे येणार होते. आईने झाकायची क्रीम आणून ठेवली. माझा संताप संताप झाला. मला माझ्याच चेहऱ्याने त्यांच्यापुढे बसायचं होतं. घरात भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी पहिल्यांदा रंगीत चित्र काढायला बसले. तपकिरी रेघांचा माझा चेहरा, त्यात तसाच तपकिरी रंग भरला आणि डाग कोरा सोडला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आई क्रीम घेऊन आली आणि तिने ते चित्र पाहिलं.

"हे तू हायेस का?"

"हो."

"रंग भरता येते ना ह्याच्यात? मंग येवढं पांढरं काहून ठेवलं?"

"हाये तसंच काढलं."

"लोकं पाहतीन वो बाई. भरून टाक."

"तूच भर मंग," म्हणत मी फोन तिच्या हातात कोंबला. पडद्यावरच्या रंगाच्या बादलीच्या चिन्हावर बोट ठेवलं की मग जिथे टेकवू ती जागा भरते, एवढं तुटकपणे सांगितलं.

आईने पदराला बोट पुसलं आणि हळूच डागावर टेकवलं. डागाची कड कानापाशी मी घाईत उघडीच सोडली होती. बादलीचा रंग अशा फटीतून बाहेर सांडतो. डाग भरला, मागची भिंत भरली, रेघा त्यातच बुडाल्या. सगळा पडदा तपकिरी. उरले नुसते केस आणि दोन डोळे.

"अवो, पोरगी कुठी गेली?" आई पदराने काच पुसायला लागली. "माया हातानं मिटली का वो?"

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग तिचे डोळे भरलेले दिसले आणि मी घाईघाईने मागे न्यायचा बाण दाबला. चेहरा परत आला, डागासकट.

आईने छातीवर हात ठेवला. "आली," ती म्हणाली. "आली माही पोरगी."

क्रीम तिथेच राहिली. मी तशीच बाहेर जाऊन बसले. पाहुण्यांनी पोहे भराभर संपवले, माझ्याकडे न बघता. त्यांचा निरोप आला नाही आणि बाबा अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. घरात त्याचा मला त्रास होतो.

पण स्टुडिओतला फोटो आई आता कोणाला पाठवू देत नाही. स्थळ आलं की मला म्हणते, "तुयावालं चित्र पाठव."

मी पाठवते. मग फोन पालथा ठेवते.