हीटिंगवाल्यांनी आणून दिलेलं बिल

जर्मनीत वाल्डॉर्फजवळ आम्ही पहिलं घर घेतलं, तेव्हापासून हीटिंग बघायला एकच गृहस्थ यायचे. साठीचे, अबोल. न सांगता दारात बूट काढायचे आणि बॉयलर उघडण्याआधी त्याला कान लावून ऐकायचे.

गेल्या डिसेंबरात त्यांनी सहज विचारलं, "जुन्या कामांची मजुरी टॅक्समध्ये दाखवलीत ना? थोडा कर परत मिळतो."

मी कधीच दाखवली नव्हती.

"आल्झो, तर मग ऐका, चार वर्षं मागचं मागता येतं. त्यातल्या पहिल्या वर्षाची मुदत याच महिन्यात संपतेय."

नेमकं त्याच वर्षाचं मोठं बिल माझ्याकडून हरवलं होतं. तसं मी त्यांना सांगितलं. दोन दिवसांनी ते सायकलवरून आले आणि कोटाच्या आतून बिलाची प्रत काढून दिली.

"एवढ्यासाठी आलात?" मी ओशाळून म्हणाले.

"आमच्या घराचं मी काहीच मागितलं नाही. लाज वाटायची. बायको म्हणायची, हक्काचं मागायला कसली लाज? ती गेल्यावर पटलं."

त्या दिवशी ते पहिल्यांदाच चहाला बसले. मी अर्ज भरत होते, ते चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवत होते. शेवटी मी अर्ज पाठवला, तेव्हा सुटकेचा श्वास त्यांनीच टाकला.