दोऱ्याने बांधलेला शब्द

छापखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत. संपादकसुद्धा, आणि ते तर मामांहून चार वर्षांनी मोठे. मामांचं काम खिळे जुळवायचं. एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळ लावायची, छापून झाली की मोडायची. एकच शब्द ते कधी मोडत नसत : 'किरकोळ'. तो इतक्यांदा लागे, की त्याचे सहा संच त्यांनी दोऱ्याने बांधून हाताशीच ठेवले होते.

त्या काळच्या वार्ताहरांचा या शब्दावर भारी जीव. लोकांनी घाबरू नये, अशी वरून ताकीद होती. त्यामुळे मंत्र्यांची सर्दी तेवढी 'चिंताजनक' असे, बाकी पूल नदीत गेला, तरी 'किरकोळ पडझड'. वीस वर्षांत मामा एक गोष्ट शिकले होते. 'चारजण किरकोळ जखमी' असं आलं, तर ते चौघे घरी जाऊन जेवलेले असत. आकडा गाळून नुसतंच 'किरकोळ' आलं, की त्या दिवशी इस्पितळाच्या मागच्या दाराशी गर्दी असे.

घरी हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बायको रोज पेपर वाचून "किरकोळच आहे हो," म्हणत सुस्कारा सोडी. एवढा स्वस्तातला सुस्कारा, तो तरी कशाला हिरावून घ्या?

त्या दुपारी गिरणीच्या बाजूला धूर दिसला. मामांची एकुलती लेक तिथे दुसऱ्या मजल्यावर सूत गुंडाळायची. तासाभराने संपादकांकडून चिठ्ठी आली : 'गिरणीत किरकोळ आग. परिस्थिती आटोक्यात.'

मामा चिठ्ठी घेऊनच आत गेले.

"साहेब, आकडा राहिला."

"राहिला नाही. किरकोळ लिहिलंय ना?"

"म्हणूनच विचारतोय."

संपादक चष्मा पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

मामा बाहेर आले, तर दारात बायको, धापा टाकत. "अहो, गिरणीत काय झालंय? फाटकाशी उभंसुद्धा राहू देत नाहीत मेले! पेपरात काय येतंय?"

मामांनी फडक्याला हात पुसले. शाई निघेना.

"किरकोळ," ते म्हणाले.

"हुश्श! जीव नुसता टांगणीला लागला होता. जाते बाई, पोरीला आल्या आल्या भूक लागते."

ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मामा थांबले. मग पुन्हा आत गेले. "साहेब, अर्धा दिवस सुट्टी हवी होती."

लेक जन्मली त्या दिवशी याच माणसाने अर्धा तास द्यायला खळखळ केली होती. "बाळंतपण तुमचं आहे का?" असं वर विचारलं होतं.

आज त्यांनी मान वर केली नाही. "जा, मामा. आठवडाभर आला नाहीत तरी चालेल."

सुट्टी मिळाली होती. मामा तिथेच उभे राहिले.