काचेवरची वाफ

कॅमेरा लावून झाला की रुकोबाबू तो सुरू करीत नसत. त्याच्याकडे पाठ करून बसत. काशीत मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर ते असे बसलेले दिसले की नावाडी म्हणत, "लो, बाबू फिर रुक गए!" त्यावरूनच हे नाव पडले. माणूस आळशी होता, असे आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत आजही सांगितले जाते. साफ खोटे. मी त्यांच्याशेजारी बसलेलो आहे. जागेने आधी आपल्याला न्याहाळावे, मगच आपण तिच्याकडे पाहावे, हा त्यांचा शिरस्ता होता. "पहले गंगाजी हमको देख लें," ते म्हणत, "जल्दी किसको है?"

त्यांच्यामागे ना कोणी शेठ होता, ना नामांकित नट. सारा संसार तिघांचा: ते, कॅमेरा सांभाळणारा शंभू आणि आवाज टिपणारी निर्मला. शंभू ओरडे, "उजाला जा रहा है!" निर्मला कानावरचे यंत्र न काढता हात वर करी, कारण दूरवर एखादे वल्हे पाण्यात पडत असे. रुकोबाबू नेहमी निर्मलेचे ऐकत. आणि एवढे थांबून काय टिपले, असे कोणी विचारले तर म्हणत, "हमें क्या मालूम? निर्मला से पूछिए, उसने सुना है."

एका पौषात हे तिघे आमच्या गच्चीवर आले. तिथून पंचगंगेचा घाट दिसतो. मी संस्कृतचा शिक्षक. चित्रपटातले मला काय कळते, असे म्हणणारे म्हणोत. त्यांचा प्रत्येक चित्रपट मी पाहिला आहे, बोलणाऱ्यांनी एकही पाहिलेला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र आधीच बजावले, "आवाज आला तर येऊ दे. पण माझं तोंड दिसता कामा नये, सांगून ठेवते."

"वादा रहा, भाभीजी," रुकोबाबू म्हणाले.

कॅमेरा रात्रभर गच्चीवर गारठला होता. पहाटे नदीवरून दमट हवा वर आली तशी भिंगावर वाफ धरली. शंभू फडके काढू लागला. रुकोबाबूंनी त्याचा हात धरला आणि यंत्र सुरू करायला सांगितले. वाफ हळूहळू विरू लागली. शंभूने मला कॅमेऱ्याला डोळा लावू दिला. पांढऱ्यातून आधी एक नाव आली, मग पाणी, मग पैलतीराची रेघ. जणू काशी कोणाच्या तरी झोपेतून बाहेर येत होती.

मी बाजूला झालो, तोच ही चहा घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आली. निर्मलेचा हात वर होता, थांबवायचे नव्हते. रुकोबाबू वाकले आणि त्यांनी भिंगावर हलकेच श्वास सोडला. पुन्हा सारे पांढरे झाले. त्या पांढऱ्यात ही बोलत होती, "चहा घ्या आधी. गंगाजी कुठं पळून चाललीय? आणि त्या निर्मलेला शाल द्या कुणीतरी, कुडकुडतेय पोर."

गल्ली म्हणते, शंभू काच पुसायला विसरला. विद्वान म्हणतात, ती शुभ्रता म्हणजे मोक्ष. दोघेही चूक. एका बाईला दिलेला शब्द होता, तो त्यांनी पाळला.

आता रुकोबाबू नाहीत, शंभू नाही, हीही नाही. मध्यंतरी निर्मलेचा फोन आला. रुकोबाबूंचा पुतण्या चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत करवून घेत होता. "मास्टरजी, वो सफ़ेद हिस्सा काट रहे हैं. मेरी सुनते नहीं. लड़ना आपको आता है." हिचा आवाज त्या तुकड्याखेरीज जगात दुसरीकडे कुठेही नाही. मी काठी उचलली आणि पुतण्याकडे निघालो.

"दादाजी, लोग समझेंगे प्रिंट ख़राब है," पुतण्या नम्रपणे म्हणाला.

"समझने दो," मी म्हणालो, आणि गच्चीवरची सकाळ त्याला सांगितली.

त्याने तो तुकडा पुन्हा पडद्यावर लावला. मग हळूच म्हणाला, "तो ये चाचाजी की साँस है?" त्याने तो तुकडा तसाच ठेवला.

परवा भोसले घाटावर पडदा बांधून नवी प्रत दाखवली. नदीवर धुके उतरत होते आणि पडद्याची कड नेमकी कुठे संपते ते कळत नव्हते. तो तुकडा आला. सारे पांढरे झाले.

"का गुरु, मशीन बिगड़ गई का?" मागून कोणीतरी म्हणाले.

असले वाक्य मी आयुष्यात बिनउत्तराचे सोडलेले नाही. निर्मलेनेही माझ्याकडे पाहिले. मी मागे वळलो नाही. ही बोलत होती. तिचे बोलणे संपले, तेव्हा शेजारी म्हातारी निर्मला आपली शाल खांद्यावर ओढून घेत होती.