शेजारच्या सीटचा ब्रेक

सरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि त्या एकतीस वर्षांत स्वतः जेमतेमच चालवली. शिकवणाऱ्याची जागा शेजारच्या सीटवर. तिथे स्टीअरिंग नसतं, पायाशी एक जादा ब्रेक तेवढा असतो. शिकणारा गांगरला की तो दाबायचा. सरांच्या हाताखालून कापडदुकानदार गेले, नर्सेस गेल्या, एक निवृत्त न्यायाधीश गेले, जे प्रत्येक चौकात निकाल राखून ठेवल्यासारखे थांबून राहत. या सगळ्यांना सरांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. एकालाही खरचटू दिलं नाही, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

पण त्या ब्रेकनं त्यांच्या पायाला कायमची खोड लावली. कुणाच्याही गाडीत बसले की पाय आपोआप जमीन दाबायचा. मेहुणा एकदा म्हणाला होता, "भाऊजी, गाडीला भोक पाडूनच उतरणार आहात का?" प्रवासात त्यांचा कधी डोळा लागला नाही. लांबच्या बसमध्ये सगळे घोरत असत आणि सर एकटे ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसत, ती जराशी कलली तर आपण ओरडायचं या तयारीनं. बायकोनं हे सगळं गंमत म्हणून चालवून घेतलं होतं. लेकीला ते जमलं नाही.

लेक बत्तीस वर्षांची, मोटरसायकली दुरुस्त करायचं स्वतःचं गॅरेज असलेली. अठराव्या वर्षी ती बापाकडे गाडी शिकायला बसली आणि दहाव्या दिवशी उठून पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. पोटची पोर प्रतिस्पर्ध्याकडे गेली, हे सरांच्या फार जिव्हारी लागलं. का गेली ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढे कधी ती चालवायला आणि सर शेजारी, असे दोघं घरी आले की बायको दारातून विचारायची, "कशी चालवली हिनं?" आणि सर गाडीतून उतरता उतरताच यादी वाचायचे: दोनदा क्लच उशिरा, वळणावर वेग जास्त, मागचा आरसा फक्त तीनदा बघितला. लेक किल्ली खुंटीला अडकवून आत निघून जायची.

सर रविवारी टीव्हीवर मोटरसायकलींच्या शर्यती बघत. एकदा जेवता जेवता ते म्हणून गेले होते, "असा एक तरी रस्ता आपल्याला मिळायला हवा होता, जिथे समोरून कुणी येतच नाही." बोलून ते विसरले. लेक विसरली नाही. सर निवृत्त झाले त्या आठवड्यात तिनं त्यांच्या हातात एक कागद ठेवला. रेस ट्रॅकवर सर्वसामान्यांना आपली मोटरसायकल चालवू देण्याचा एक दिवस असतो, त्यातल्या अगदी नवख्यांच्या गटात तिनं त्यांचं नाव नोंदवलं होतं. गाडी तिच्याच गॅरेजमधली, तिनं जुनी घेऊन उभी केलेली. तो दिवस रविवारचा, आणि चार आठवडे हातात होते.

"या वयात?" बायको म्हणाली.

"याच वयात. नंतर काय, आरामखुर्ची चालवायची?" सर म्हणाले, आणि तयारीला लागले.

तसे सर भाजी आणायला मोटरसायकलच काढत, पण काटा चाळीसच्या वर गेला की त्यांना स्वतःचाच राग यायचा. त्यामुळे आधी माणूस तयार करायला हवा होता. सकाळी दाराची चौकट धरून उठाबशा. मोजायला बायको, जी मुद्दाम सतरानंतर पुन्हा सोळा म्हणायची. संध्याकाळी गॅरेजमध्ये स्टँडवर चढवलेल्या गाडीवर बसून वळणात कसं झुकायचं, गुडघा कुठे, कोपर कुठे याचा सराव. चामड्याचा सूट भाड्यानं आणला होता. तो चढवायला मायलेकी दोघी लागल्या.

"अहो, पोट आत घ्या."

"घेतलंय!"

"मग हे काय आहे?"

सर गप्प बसले, कारण चेन ओढेपर्यंत श्वास धरून ठेवायचा होता.

गाडीची तयारी लेकीच्या हातात होती. ब्रेकचे पॅड नवे, तेलं नवी. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागचे सगळे घसरतात. हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्ट्या, म्हणजे फुटली तरी तुकडे विखरायचे नाहीत. आणि दोन्ही आरसे काढून टाकले.

"आरसे?" सरांनी रिकाम्या हँडलकडे बघितलं. एकतीस वर्षं ते दिवसातून दोनशे वेळा 'आरसा बघा' म्हणत आले होते.

"तिथे मागे बघायचं नसतं, बाबा. मागून येणाऱ्यानं तुम्हाला सांभाळायचं. तुम्ही फक्त पुढचं बघा."

"आणि त्यानं नाही सांभाळलं तर?"

"सांभाळतात," ती म्हणाली आणि तिनं आरसे कपाटात ठेवून दिले.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचं मोठं काम राहिलं होतं. इंजिनाच्या पोटाखाली तेल सोडायचा बोल्ट असतो. तो ट्रॅकवर निघाला तर तेल थेट मागच्या चाकाखाली. म्हणून तो नेमका आवळून बारीक तारेनं बांधावा लागतो. लेकीकडे एक पाना होता, जो ठरलेल्या जोराला 'टक्' असा आवाज करून थांबायला सांगतो. तिनं बोल्ट आवळला, टक् झालं, आणि ती तार आणायला शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेली.

सर एकटे राहिले. समोर बोल्ट. टक् झालेलं त्यांनी ऐकलं होतं. पण टक् काय, आवाजच तो. त्यांनी भिंतीवरचा साधा पाना घेतला, खाली वाकले आणि मनाच्या समाधानासाठी अजून थोडा फिरवला. थोडा म्हणजे पाव फेरा. घट्ट, घट्ट, आणि मग एकदम हाताला मऊ लागलं. पाना कशालाच अडत नव्हता.

आतले आटे गेले, हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. बाहेर लेकीची पावलं वाजली तसा त्यांनी पाना खिळ्याला अडकवला. ती आली, तार ओवली, पिळली, बोल्टवर तिच्या सवयीप्रमाणे पिवळ्या रंगाची रेघ मारली. ती रेघ म्हणजे हे काम माझं, आणि झालं. सर तोंडातून ब्र न काढता घरी आले आणि जेवताना म्हणाले की आज भूक नाही.

शुक्रवारी सकाळी गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचा तळहाताएवढा डाग होता. लेक त्याच्याकडे बघत उकिडवी बसून राहिली. मग तिनं तार कापली, बोल्टला बोट लावलं. बोल्ट नुसता फिरला.

"माझा पानाच बिघडलाय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच सरांना सोसवेना. "टक् चुकीच्या जागी होतंय. म्हणजे या आठवड्यात जे जे आवळलं ते सगळंच..." ती उठली. "ट्रॅकचं रद्द करू, बाबा. ज्या गाडीच्या बोल्टचा मला भरवसा नाही, तिच्यावर मी तुम्हाला बसवणार नाही. आणि या आठवड्यात तीन गाड्या गेल्यात. त्यांना परत बोलवायला हवं." तिनं वही उघडली, पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर शोधला आणि फोन उचलला.

सर स्टुलावर बसले होते. एक रविवार गेला तर गेला, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण ती फोनवर माफी मागणार होती, स्वतःच्या हातांबद्दल, जे चुकलेच नव्हते.

"फोन ठेव," ते म्हणाले. "पाना बरा आहे. तू तार आणायला गेलीस तेव्हा मी फिरवला."

तिनं फोन खाली ठेवला. "किती?"

"पाव फेरा."

"टक् ऐकलं होतंत ना?"

"ऐकलं होतं."

"मग?"

एरवी उत्तरांचा तोटा नसलेले सर खिळ्यावरच्या पान्याकडे बघत राहिले. लेक ओरडेल, आपटेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती फडक्यानं हात पुसत राहिली, एकेक बोट.

"बाबा, मी तुमच्याकडे शिकायचं का सोडलं, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "तुम्ही ब्रेक इतका अलगद दाबायचात की मला कळायचंच नाही. गाडी थांबायची, पण मी थांबवली की तुम्ही? दहा दिवस मी विचार करत होते, मला येतंय की येत नाहीये. त्या दुसऱ्या स्कूलमधला माणूस गचकन दाबायचा आणि शिव्या घालायचा. पण निदान समजायचं तरी."

सरांना आपल्या कौशल्याचा केवढा अभिमान होता! शिकणाऱ्याला कळूही न देता गाडी थांबवणं, ही त्यांची खासियत. नव्या शिक्षकांना ते हे मुद्दाम शिकवत. आता त्यांना त्या अठरा वर्षांच्या पोरीचे स्टीअरिंगवर घट्ट बसलेले हात आठवले, आणि लाज वाटली. साधी, सरळ लाज.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कालचंही आणि तेव्हाचंही."

तिनं मान हलवली. मग वाकून बोल्ट चाचपत म्हणाली, "नवे आटे बसवता येतात. दीड दिवस जाईल. बॅटरी धरा."

सरांनी बॅटरी धरली. शनिवार दुपारपर्यंत ते तिच्या सांगण्याबरहुकूम प्रकाश पाडत राहिले. तिनं भोक मोठं केलं, त्यात पोलादी तारेचं घट्ट वेटोळं बसवलं, आतला धातूचा किस धुऊन काढला, नवं तेल भरलं. बोल्ट आवळताना टक् झालं.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"तार आणायला जाऊ?"

तार तिच्या खिशातच होती. सरांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि दोघंही हसले. तरी ती मुद्दाम बाहेर जाऊन, चहा पिऊन आली. सर हात मांडीवर ठेवून बसून होते. हातांना फार खाज सुटली होती, असं त्यांनी नंतर कबूल केलं.

रविवारी उसन्या आणलेल्या छोट्या टेम्पोत गाडी बांधून दोघं निघाले. लेक चालवत होती. पहिल्याच सिग्नलला ती म्हणाली, "बाबा, तिथे ब्रेक नाहीये." सरांनी पाय मागे घेतला. दोन तासांत हे आठ वेळा झालं.

ट्रॅकवर तपासनिसानं गाडीखाली हात घालून तार ओढून बघितली. "कुणी बांधली?" सरांनी लेकीकडे बोट दाखवलं. त्यानं काही न बोलता टाकीवर पास झाल्याचं स्टिकर लावलं, आणि सरांना वाटलं, आपणच पास झालो.

पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या होत्या; पहिल्या पाळीत सरांची मान सारखी नसलेल्या आरशांकडे जात होती. कुणी शेजारून सुर्रकन गेलं की ते वेग आणखी कमी करायचे. दुसऱ्या पाळीत मान कमी वळली. दुपारी तिसऱ्या पाळीत, कुठल्याशा लांब वळणात, त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ आपण फक्त पुढचं बघतोय. रस्ता वळत होता आणि समोरून कुणी येत नव्हतं. खाली तो बोल्ट होता, आणि त्यांना त्याची आठवणही होत नव्हती. फेऱ्या मोजल्या तर गटात ते शेवटून दुसरे होते. शेवटचा माणूस वाटेत पेट्रोल संपून थांबला होता.

निघण्याआधी त्यांनी सूट उतरवला, पाणी प्यायलं आणि ते टेम्पोत बसले. अंग ठणकत होतं. लेकीनं गाडी सुरू केली तेव्हा त्यांनी बूट काढून पाय सीटवर घेतले, नुसतं बरं वाटावं म्हणून.

मग कुणीतरी खांदा हलवला. टेम्पो घरासमोर उभा होता. खिडकीच्या काचेवर सरांच्या गालाचा ओलसर ठसा उमटला होता. बायको दारात उभी राहून नेहमीचंच विचारत होती, "कशी चालवली हिनं?"

सरांनी तोंड उघडलं. यादी आली नाही. दोन तासांच्या रस्त्यातला एकही चौक, एकही वळण त्यांना आठवेना.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "मी झोपलो होतो."

लेक टेम्पोच्या मागे गाडीचे पट्टे सोडत होती. तिचे हात थांबले, आणि बराच वेळ तिला पुढचा पट्टा सापडला नाही.